कुलूप शाबूत, भिंतीला भगदाड

गुप्त लेखनाचे इतिहास आजवर पुष्कळ झाले. त्यांत बहुतकरून कुलपांचीच कथा असते. अमक्या राजानें कोणती कूटलिपि योजिली, तमक्या पंडितानें ती कशी फोडली, जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचें रहस्य उकलण्याचें पोलिश गणित्यांनीं आरंभिलेलें काम इंग्रजांनीं ब्लेचली येथें कसें तडीस नेलें, असा त्यांचा थाट असतो. या कथा रम्य आहेत यांत संशय नाहीं. परंतु आपल्या डोळ्यांदेखत, इ. स. २०१४ व २०२२ या दोन सालीं, जगांत सर्वांत अधिक वापरांत असलेल्या कुलपावर जे प्रसंग ओढवले त्यांत कुलूप फोडण्याची कोणास गरजच पडली नाहीं. कुलूप जागच्या जागीं शाबूत होतें. ज्या भिंतींत तें बसविलें होतें तिलाच भगदाड होतें. या दोहोंपैकीं दुसऱ्या प्रसंगाशीं आपल्या देवनागरी अक्षरांचा अगदीं जवळचा संबंध आहे, आणि म्हणूनच हा विषय केवळ यंत्रज्ञांचा न समजतां मराठी वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

कूटलिपि ही वस्तु मराठी माणसास नवी नव्हे. महानुभाव पंथानें चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ लिपींत बंद करून ठेविले. तिच्या जोडीला सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, वज्र इत्यादि लिपि निघाल्या, आणि मराठी गद्याचा आद्य ठेवा असें जें लीळाचरित्र, तें शतकानुशतकें इतर मराठी जनांस अदृश्य राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं या लिपीचा उलगडा केला, ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भाव्यांनीं तें वाङ्मय मराठी वाचकांपुढें आणिलें, आणि मराठी भाषेचा इतिहास नव्यानें लिहावा लागला. आतां सकळ लिपीचें तत्त्व पाहिलें तर तें साधें आहे: एका अक्षराऐवजीं ठराविक दुसरें अक्षर लिहावयाचें. अशा लिपींचें मर्म, म्हणजे कोणतें चिन्ह किती वेळां येतें हें मोजून मूळ अक्षर ओळखणें, अरब तत्त्ववेत्ता अल्-किंदी यानें नवव्या शतकांतच सांगून ठेविलें होतें. तरीही ती लिपि टिकली ती अक्षरांच्या बळावर नव्हे, तर पंथाच्या मौनाच्या बळावर, असें माझें मत आहे.

अर्वाचीन कूटलेखनाचा मार्ग याच्या अगदीं उलट आहे. इ. स. १८८३ मध्यें ऑगस्ट केर्कहॉफ्स नामक डच गृहस्थानें असा नियम घालून दिला कीं, कूटाची रीत शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आज आपण बँकेचा व्यवहार हातांतल्या यंत्रावरून करतों तेव्हां वापरलें जाणारें कूट असेंच जाहीर आहे. त्याचें गणित कोणत्याही महाविद्यालयांतील विद्यार्थ्यानें पुस्तकांतून वाचावें. मात्र गणित जाहीर असलें तरी तें यंत्राकडून करवून घेण्यासाठीं सूचना लिहाव्या लागतात, आणि त्या प्रत्येकानें नव्यानें लिहिणें हा वेडेपणा होईल. म्हणून कांहीं जाणत्यांनीं त्या एकदां लिहून सर्वांस खुल्या करून दिल्या. अशा तयार सूचनांच्या संग्रहाला इंग्रज लोक लायब्ररी म्हणतात. दादरच्या ग्रंथसंग्रहालयाशीं तिचें साम्य एवढेंच कीं ती सर्वांच्या उपयोगाची असते. भेद असा कीं येथें पुस्तकाची एक ओळ चुकली तर लाखों वाचक एकाच क्षणीं चुकतात.

अशा संग्रहांत अग्रगण्य तो ओपनएसएसएल. इ. स. १९९५ मध्यें नेटस्केप कंपनीनें आपला गुप्त दळणवळणाचा नियमबंध प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियांतील एरिक यंग व टिम हडसन या दोघांनीं त्याच सुमारास त्याबरहुकूम सूचना लिहिल्या व फुकट वांटल्या. पुढें इ. स. १९९८ च्या डिसेंबरांत दुसऱ्या मंडळींनीं तें काम ओपनएसएसएल या नांवानें आपल्याकडे घेतलें. योगायोग असा कीं, १९९५ च्याच १५ ऑगस्टला विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें इंटरनेट सामान्य जनांस खुलें केलें. तेव्हां आपल्या शहराच्या दाराला जाळें आणि त्या दाराला कुलूप, हीं दोन्ही एकाच वर्षीं आलीं असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां भिंतीकडे वळूं. संगणकाची स्मृति म्हणजे गिरगांवांतली किंवा लालबागेंतली एक अतिशय लांब चाळ समजावी. एकाच ओळींत नंबर घातलेल्या खोल्या. मधल्या भिंती केवळ नांवाच्या. प्रोग्राम लिहिणारा म्हणतो, ‘‘येणाऱ्या मजकुरासाठीं अमुक नंबरापासून पांचशें बारा खोल्या राखून ठेवा.’’ या राखीव खोल्यांस बफर हें नांव आहे. मजकूर पांचशें बारांत मावला तर ठीक. न मावला आणि दाराशीं कोणी मोजलें नाहीं, तर उरलेले पाहुणे पुढच्या खोल्यांत शिरतात. तेथें दुसऱ्याच कोणाचें बिऱ्हाड असतें. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. आपण मराठींत ‘कप्पा उतूं जाणें’ म्हणूं. दूध उतूं गेलें तर चूल विझते एवढेंच. येथें अनर्थ निराळा आहे. त्या शेजारच्या खोल्यांत पुष्कळदां एक चिठ्ठी ठेविलेली असते: ‘हें काम आटोपलें कीं परत अमक्या ठिकाणीं जा.’ फोर्टांतल्या कचेरीचा पट्टेवाला जसा चिठ्ठींतला पत्ता वाचून मुकाट्यानें तिकडे जातो, तसें यंत्रही तो पत्ता मानतें. आगंतुकानें जाणूनबुजून इतका लांब मजकूर पाठविला कीं त्याचें शेपूट नेमकें त्या चिठ्ठीवर जाऊन पडेल, तर पत्ता बदलतो आणि यंत्र धन्याचें काम सोडून आगंतुकाचें काम करूं लागतें.

दाराशीं मोजणारा कोणी कां नसतो, असें वाचक विचारतील. पूर्वीं असे. सर टोनी होर यांनीं १९८० सालच्या आपल्या ट्यूरिंग व्याख्यानांत सांगितलें आहे कीं, साठांच्या दशकांत त्यांनीं केलेल्या भाषांतरयंत्रणेंत प्रत्येक खोलीचा नंबर मर्यादेंत आहे कीं नाहीं हें प्रत्येक वेळीं तपासलें जाई. वेग वाढविण्यासाठीं ही तपासणी बंद करण्याची मुभा हवी काय, असें गिऱ्हाइकांस विचारतां त्यांनीं एकमुखानें नको म्हटलें. पण १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं सी नांवाची भाषा रचिली. ती चपळ व आटोपशीर होती आणि तपासणीचा भार तिनें लिहिणाऱ्याच्या माथीं टाकला. त्या काळीं स्मृति किती महाग होती हें ध्यानांत घेतलें म्हणजे रिचींना दोष देववत नाहीं. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें उभ्या राहिलेल्या टिफ्रॅक यंत्राची सारी स्मृति २,०४८ शब्दांची होती. त्या काटकसरीच्या काळांतली संवय भरभराटीच्या काळांतही राहिली. जगांतील बहुतेक पायाभूत सूचना सी भाषेंत आहेत, आणि ओपनएसएसएल त्यांतच मोडतो.

या धोक्याचा उल्लेख १९७२ सालच्या एका अमेरिकन सरकारी अहवालांतही सांपडतो. परंतु जगाचे डोळे उघडले ते २ नोव्हेंबर १९८८ रोजीं. त्या सायंकाळीं रॉबर्ट मॉरिस नांवाच्या कॉर्नेल विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें एक आपोआप पसरणारा प्रोग्राम जाळ्यांत सोडला. त्याच्या अनेक युक्त्यांपैकीं एक अशी: ५१२ बाइटांच्या कप्प्यांत ५३६ बाइटांचा मजकूर ओतणें. सुमारें सहा हजार यंत्रें लंगडीं झालीं असा त्या वेळचा अंदाज होता. मौज अशी कीं, या विद्यार्थ्याचे वडील अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ होते!

आपल्या बंदराला या विकाराचा तडाखा बसला तो २७ जून २०१७ रोजीं. त्या दिवशीं युक्रेनमधून निघालेला नॉटपेट्या नांवाचा उपद्रव मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रांत शिरला, आणि मुंबईच्या खाडीपलीकडे जवाहरलाल नेहरू बंदरांतील त्या समूहाच्या धक्क्यावरचें काम ठप्प झालें. या उपद्रवाचें एक हत्यार चोरलेल्या परवलींचें होतें; पण दुसरें, इटर्नलब्लू नांवाचें, हें विंडोज प्रणालींतील उतूं जाणाऱ्या कप्प्यावरच चालणारें. तें अमेरिकेच्याच गुप्तहेर खात्यानें घडविलें व पुढें तें चव्हाट्यावर आलें. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच दिली होती. मर्स्कनें आपलें नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर सांगितलें. मापाची एक चूक, तीही चार बाइटांच्या संख्येची वजाबाकी दोन बाइटांत लिहिण्याची!

आतां कुलपाच्या कारखान्यांतल्या पहिल्या प्रसंगाकडे येऊं. दोन यंत्रांमधील गुप्त संभाषण चालू असतां समोरचा जागा आहे कीं नाहीं हें अधूनमधून विचारण्याची एक रीत २०१२ च्या आरंभीं नियमबद्ध झाली. तिला हृदयाच्या ठोक्यावरून नांव दिलें. एकानें म्हणावें, ‘‘हा चार अक्षरांचा शब्द घे व मला परत दे,’’ दुसऱ्यानें तो परत द्यावा. एका जर्मन संशोधकानें लिहिलेल्या या सूचना ३१ डिसेंबर २०११ च्या रात्रीं, साऱ्या युरोपाचें लक्ष घड्याळाच्या कांट्याकडे लागलें असतां, ओपनएसएसएलमध्यें दाखल झाल्या. एका जाणत्या सहकाऱ्यानें त्या तपासल्याही होत्या. १४ मार्च २०१२ ला त्या जगभर गेल्या. त्यांत उणें एवढेंच कीं, शब्द किती अक्षरांचा हें विचारणाऱ्यानें सांगितलेलें खरें मानलें जाई. चार अक्षरें देऊन ‘चौसष्ट हजार परत दे’ म्हटलें तर यंत्र त्या चार अक्षरांपुढच्या खोल्यांत जें कांहीं पडलें असेल तें, कोणाची परवल, कोणाचें पत्र, प्रसंगीं कुलपाची किल्लीसुद्धां, उचलून देई. शास्त्रशुद्ध बोलावयाचें तर हें उतूं जाणें नव्हे. येथें कप्प्याबाहेर लिहिलें जात नाहीं, वाचलें जातें. पण रोगाचें कुळ एकच.

हें व्यंग दोन वर्षें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं, आणि मग गूगलचे नील मेहता व फिनलंडमधील कोडेनॉमिकॉन ही मंडळी यांना तें स्वतंत्रपणें जवळजवळ एकाच वेळीं सांपडलें. ७ एप्रिल २०१४ ला तें जाहीर झालें. हार्टब्लीड हें नांव तेव्हांचें. जगांतील सुरक्षित म्हणविणाऱ्या स्थळांपैकीं सुमारें १७ टक्के, म्हणजे पांच लाखांच्या आसपास, त्याला उघडीं होतीं. किल्ली खरोखरच चोरतां येते काय याविषयीं शंका काढली गेली, तेव्हां एका कंपनीनें मुद्दाम एक कच्चें यंत्र उभें करून आव्हान दिलें. एका दिवसाच्या आंत किल्ली बाहेर आली. कॅनडाच्या कर खात्यांतून सुमारें नऊशें नागरिकांचे ओळख-क्रमांक गेले.

त्या वेळीं उघडकीस आलेली दुसरी एक गोष्ट मला या व्यंगापेक्षां अधिक खेदाची वाटते. ज्या संग्रहावर जगांतील मोठमोठ्या पेढ्यांची भिस्त होती त्याला वर्षाकांठीं येणाऱ्या देणग्या सुमारें दोन हजार डॉलर होत्या. पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. बाकीचे आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून रात्रीं-अपरात्रीं सूचना तपाशीत. पाणपोई एखाद्या सज्जनानें घालावी, सारा गांव तिच्यावर तहान भागवील, आणि रांजण धुवावयाची पाळी कोणाचीच नसावी, असा हा प्रकार होता. पुढें डझनभर धनाढ्य कंपन्यांनीं वर्षाला एकेक लाख डॉलर तीन वर्षें देण्याचें कबूल केलें. तें त्यांनीं केलें याबद्दल स्तुति करण्यास माझी लेखणी फारशी उत्सुक नाहीं. त्या रांजणांतलें पाणी त्या वर्षानुवर्षें फुकट पीत होत्या.

दुसरा प्रसंग देवनागरीचा. इंटरनेटवरील स्थळांचीं नांवें ज्या जुन्या यंत्रणेंतून जातात तिला रोमन अक्षरें, अंक व आडवी रेघ यांपलीकडे कांहीं कळत नाहीं. चिनी, अरबी, देवनागरी नांवें तींतून न्यावयाचीं कशीं? यावर २००३ सालीं अॅडम कॉस्टेलो यांनीं प्युनिकोड नांवाची युक्ति काढली. तिच्या योगें प्रत्येक परकें अक्षर रोमन अक्षरांच्या वेषांत प्रवास करतें. भारतीय नियामक संस्थेनें २०१४ च्या ऑगस्टांत ‘.भारत’ हें देवनागरी अंत्यनाम सुरू केलें. तें हिंदीबरोबर मराठी व कोंकणीसही मोकळें आहे. आपण ‘भारत’ लिहितों तेव्हां भ, काना, र, त हीं चार चिन्हें यंत्राच्या पोटांत जातांना ‘एक्स-एन’, दोन आडव्या रेघा, आणि मग ‘एच-२-बी-आर-जे-९-सी’ असा वेष घेतात. सकळ लिपीनें मराठी शब्द मराठी माणसापासून लपविला होता. प्युनिकोड तो यंत्राच्या हट्टापुढें लपवितें, इतकाच फरक.

सप्टेंबर २०२१ मध्यें ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ति निघाली. तींत प्रमाणपत्र तपासतांना त्यांतील रोमनेतर पत्त्यांचा प्युनिकोड उलगडून पाहण्याची सोय होती. म्हणजे आपल्यासारख्यांचीं नांवेंही सन्मानानें तपासलीं जावींत म्हणून हा कप्पा राखला होता. तो नेमका पांचशें बारा जागांचा. आंत घेतलेल्यांची संख्या पांचशें बारांपेक्षां अधिक झाली तर दार लावा, अशी सूचना तेथें होती. वाचकहो, या वाक्यांत चूक कोठें आहे तें पाहावें! पांचशें बारा पाहुणे आंत आले. संख्या पांचशें बारा आहे, अधिक नाहीं. म्हणून दार उघडेंच राहिलें आणि पांचशें तेरावा आंत शिरला. ‘अधिक’ या ठिकाणीं ‘अधिक किंवा बरोबर’ असें हवें होतें. एका बरोबरीच्या चिन्हाच्या अभावीं चार बाइट शेजारच्या खोलींत सांडत होते, आणि त्या चार बाइटांत काय लिहावें हें आगंतुकाच्या हातीं होतें.

काळबादेवीजवळ कोलभाट गल्लींतील जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यांतला जुळारी स्टिकमध्यें खिळे बसवितांना माप पाहत असे. ओळ भरली कीं एक खिळाही अधिक बसत नसे, कारण शिसें दबत नाहीं. संगणकाच्या ओळीला शिशाची ही प्रामाणिक अडवणूक नाहीं.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजीं ओपनएसएसएलच्या चालकांनीं अत्यंत गंभीर व्यंग सांपडल्याचें व पुढच्या मंगळवारीं दुरुस्ती देणार असल्याचें जाहीर केलें. हार्टब्लीडनंतर असा इशारा क्वचितच ऐकूं आला होता. जगभरच्या कचेऱ्यांतून यंत्रज्ञांचा तो आठवडा आपल्याकडे तिसरी आवृत्ति कोठें कोठें आहे याची मोजदाद करण्यांत गेला. १ नोव्हेंबरला, मॉरिसच्या त्या रात्रीच्या चौतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, दुरुस्ती आली आणि तिच्याबरोबर गंभीरतेची पायरीही एकीनें उतरविलेली होती. कारण असें कीं, मधल्या काळांत भिंती सुधारल्या होत्या. परतीच्या पत्त्याच्या अलीकडे एक गुप्त आंकडा पेरून ठेवावयाचा, आणि तो बदललेला दिसला तर काम तेथेंच थांबवावयाचें, ही युक्ति १९९८ पासून रूढ होत आली आहे. कोळशाच्या खाणींतील विषारी वायूची सूचना देणाऱ्या पक्ष्यावरून तिला कॅनरी म्हणतात. शिवाय कित्येक यंत्रांवर ते चार बाइट रिकाम्याच खोलींत पडत होते, आणि कप्प्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं दुष्ट प्रमाणपत्रावर बहुधा एखाद्या मान्य संस्थेची सही मिळवावी लागत होती. थोडक्यांत, चूक खरी होती, आणि बचाव झाला तो मागच्या चुकांपासून शिकलेल्यांनीं बांधून ठेविलेल्या भिंतींमुळें.

या प्रसंगांत एक बोंचणारी गोष्ट आहे, ती झांकून ठेवणें बरें नाहीं. ज्यांनीं जुनी १.१.१ ही आवृत्ति सोडली नव्हती ते या वेळीं पूर्ण सुरक्षित होते. ते सुरक्षित होते, कारण त्या आवृत्तींत परक्या लिपींची ही सोयच नव्हती! यावरून कोणी सहज असें अनुमान काढील कीं, नांवें सर्वांनीं रोमनमध्येंच ठेवावीं. नसती लिपि, नसता धोका. आपल्याकडील सुशिक्षितांतही हें मत बाळगणारे थोडे नाहींत. परंतु हार्टब्लीडमध्यें देवनागरीचें एक अक्षरही गुंतलेलें नव्हतें, आणि मॉरिसचा ५३६ बाइटांचा मजकूर अस्सल अमेरिकन होता. नांवाचा कोणताही एक खंड नियमाप्रमाणें ६३ अक्षरांहून लांब असूंच शकत नाहीं. पांचशें बारा जागांच्या कप्प्यांत प्रामाणिक मराठी नांव कधींच उतूं गेलें नसतें. तो भरून वाहवावा असें मनांत आणणाराच तेथपर्यंत जाई. दोष लिपीचा नव्हता, मोजणाराचा होता. आणि पाहुण्यांची शिरगणती चुकते म्हणून कांहीं जातींच्या पाहुण्यांस चाळींत बंदी करावी, हा न्याय कोणत्याही घरमालकास शोभणारा नाहीं.

शिवाय तो आडोसाही आतां उरलेला नाहीं. १.१.१ या आवृत्तीची सर्वसामान्य देखभाल ११ सप्टेंबर २०२३ रोजीं थांबली, आणि तिच्यावर विसंबलेल्यांस तिसऱ्या आवृत्तीकडे यावेंच लागलें. तेथें रोमनेतर पत्ता उलगडणाऱ्या त्या ओळी अद्याप आहेत, फक्त बरोबरीचें चिन्ह घालून.